परसात पुदिना, माडीवर पाहुणा: बी अँड बीमधला पहिला मुक्काम

हॉटेलात आपण काउंटरवर नाव सांगतो, किल्ली घेतो आणि खोलीचं दार लावून घेतलं की बाकीच्या इमारतीशी आपला संबंध संपतो. बेड अँड ब्रेकफास्ट, म्हणजे बी अँड बी, तसं नसतं. दार उघडणारा माणूस त्याच घरात राहतो. सकाळी चहाचं आधण तोच ठेवतो, पाहुणे गेले की चादरीही तोच बदलतो. खोल्या दोन, चार, फार तर सहा. आणि छोट्या गावातल्या अशा घरामागे हर्ब गार्डन, म्हणजे स्वयंपाकाच्या सुगंधी वनस्पतींची बाग, असेल तर एक गोष्ट आधीच ध्यानात घ्या: तुम्ही ज्या बागेत खुर्ची टाकून बसणार आहात, ती त्या स्वयंपाकघराची रोजची टोपली आहे.

पहिल्यांदा जाणाऱ्यांच्या चुका बहुतेक एकाच जातीच्या असतात. विचारायचं तिथे गृहीत धरायचं. मी स्वतः यातल्या बऱ्याचशा करून झाले आहे, म्हणून हे क्रमाने लिहिते.

बुकिंग करताना

'बीएनबी' या अक्षरांवर विसंबू नका. राहायच्या जागा ऑनलाइन मिळवून देणारी एअरबीएनबी कंपनी २००८ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचं नाव एअरबेड अँड ब्रेकफास्ट होतं. हवा भरायची गादी आणि सकाळची न्याहारी, एवढीच मूळ कल्पना. आज त्याच अक्षरांखाली पूर्ण रिकामे फ्लॅटही मिळतात, जिथे मालक दिसत नाही आणि न्याहारी म्हणजे फ्रीजमधलं दुधाचं पाकीट. म्हणून पहिले दोन प्रश्न: मालक त्याच घरात राहतात का, आणि न्याहारी दरात धरलेली आहे का?

तिसरा प्रश्न बाथरूमचा. 'अटॅच्ड', 'प्रायव्हेट' आणि 'शेअर्ड' या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. अटॅच्ड म्हणजे खोलीला जोडलेलं. प्रायव्हेट म्हणजे फक्त तुमचं, पण ते व्हरांड्याच्या पलीकडेही असू शकतं. रात्री दोन वाजता टॉवेल गुंडाळून अनोळखी घरातून जायची तयारी नसेल तर हा फरक आधी समजून घ्या.

जुन्या घरांना लिफ्ट नसते आणि जिने अरुंद असतात. गुडघे दुखत असतील तर तळमजल्याची खोली मागा. लहान मुलं चालतात का, घरात कुत्रं-मांजर आहे का, पैसे रोख की कार्डाने, हे एका फोनमध्ये विचारून होतं. फोनच करा. पाच मिनिटांच्या बोलण्यात यजमानांचा स्वभाव जेवढा कळतो तेवढा पन्नास फोटोंत कळत नाही. बुकिंग रद्द करायचे नियमही वाचून ठेवा. चार खोल्यांच्या घरात एक खोली आयत्या वेळी रिकामी राहिली तर त्या रात्रीची पाव कमाई बुडते, त्यामुळे ते नियम कडक असले तर नवल नाही.

आता बागेचं. फोटोतली बाग बहरातली असते. तुम्ही जाल तेव्हा ती तशी असेलच असं नाही. थंड हवेच्या ठिकाणी हिवाळ्यात पुदिना आणि चाइव्ह्ज (कांद्याच्या पातीसारखी बारीक पात) जमिनीपर्यंत वाळून जातात, पहिल्या हिमकणांत बेसिल (तुळशीच्या जातीतली) काळी पडून मरते. रोझमेरी, थाइम आणि सेज ही सुगंधी झुडपं मात्र बहुतेक ठिकाणी पानं धरून उभी असतात. तेव्हा 'बाग आहे का' असं विचारू नका, 'या दिवसांत बागेत काय असतं आणि त्यातलं ताटात काय येतं' असं विचारा. ज्यांची बाग खरोखर वापरात आहे ते या प्रश्नावर दहा मिनिटं बोलतात. ज्यांनी ती फोटोपुरती लावली आहे ते 'छान आहे, तुम्हाला आवडेल' म्हणून विषय बदलतात.

आणि शक्य असेल तर दोन रात्री राहा. याबाबत माझं मत ठाम आहे. एका रात्रीत तुम्ही संध्याकाळी दमून पोचता, सकाळी न्याहारी करता आणि सामान बांधायच्या घाईला लागता. बाग बघायची वेळ असते ती सकाळी, दव वाळत असताना, आणि ती सकाळ तुम्हाला दुसऱ्या दिवशी मिळते.

निघण्याआधी एक निरोप

खाण्याबद्दल जे सांगायचं ते दोन-तीन दिवस आधी सांगा. न्याहारीच्या टेबलावर बसून 'मी दूध घेत नाही' म्हणालात तर छोट्या गावात त्यांना सकाळी आठ वाजता दुसरं काही आणता येत नाही. सांगताना मोघम नको. 'मी शाकाहारी आहे' याचा अर्थ घराघरांत बदलतो. 'अंडी चालतात, मांस-मासे नाहीत' असं स्पष्ट लिहा.

ॲलर्जी असेल तर हर्ब गार्डनच्या घरात ती सांगणं आणखी गरजेचं. रॅगवीड या तणाच्या परागांचा त्रास असलेल्या काहींना कॅमोमाइलचा चहा बाधतो, कारण दोन्ही वनस्पती एकाच कुळातल्या. मगवर्ट या रानटी वनस्पतीच्या परागांची ॲलर्जी असलेल्यांना कधी कधी सेलरी, पार्सली, कोथिंबीर यांनीही तोंडाला खाज सुटते. मधमाशीच्या डंखाची ॲलर्जी असेल तर थाइम आणि लॅव्हेंडर फुलावर असताना त्या बागेत मधमाश्या असणारच, हे धरून चाला. डॉक्टरांनी दिलेलं इंजेक्शन सुटकेसच्या तळाशी न ठेवता खिशात ठेवा, आणि ते कुठे आहे हे यजमानांना दाखवून ठेवा. दम्याचा त्रास असेल तर उशीखाली लॅव्हेंडरची पुरचुंडी ठेवू नका म्हणून आधीच सांगा. अशा घरांत ती हौसेने ठेवलेली असते.

पोचल्यावर

पोचायची वेळ कळवायची, आणि बदलली तर पुन्हा कळवायची. इथे चोवीस तास कुणी काउंटरवर बसलेलं नसतं. एकदा माझी गाडी तीन तास उशिरा पोचली. फोनला रेंज नव्हती, पण त्याआधीच्या स्टेशनवर होती आणि मला सुचलं नाही. रात्री साडेनऊला दारात गेले तर बाहेरच्या खोलीत एकच दिवा चालू होता आणि मालकीणबाई मांडीवर विणकाम घेऊन बसल्या होत्या. विणकाम चालू नव्हतं. त्या एक शब्द बोलल्या नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं.

यजमान घर दाखवतात तेव्हा मान डोलवत उभं राहू नका, लक्ष द्या. मुख्य दाराचा खटका कसा लागतो, रात्री उशीर झाला तर कुठून यायचं, गरम पाणी यायला किती वेळ लागतो, न्याहारी किती ते किती. चप्पल-बूट कुठे ठेवायचे तेही विचारा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घराचा कोणता भाग पाहुण्यांचा आणि कोणता त्यांचा. बागेलाही हे लागू आहे. काही ठिकाणी पूर्ण बाग खुली असते, काही ठिकाणी स्वयंपाकघराच्या दारालगतचा तुकडा फक्त घरच्यांचा. तिथे त्यांचे कपडे वाळत असतात, सकाळी घरच्या बाई तिथे केस विंचरत बसलेल्या असतात. विचारलंत तर कुणाला वाईट वाटत नाही.

भिंती पातळ असतात. रात्री फोनवर बोलायचं असेल तर बाहेर जा, पण कुणाच्या खिडकीखाली नको.

सकाळचं टेबल

न्याहारीची वेळ म्हणजे वेळ. साडेआठ म्हटलं की त्या हिशोबाने तवा तापतो. लवकर निघायचं असेल किंवा न्याहारी नकोच असेल तर आदल्या रात्री सांगा. बऱ्याच घरांत टेबल एकच असतं आणि अनोळखी माणसांसोबत बसावं लागतं. माझ्यासारख्या सकाळी न बोलणाऱ्या माणसाला हे पहिल्या दिवशी जड जातं, पण 'कुठून आलात' एवढं विचारून गप्प बसलं तरी कुणी काही म्हणत नाही. टेबलावरचं दुपारसाठी बांधून न्यायचं असेल तर विचारून न्या.

बाग खरी आहे की नाही ते इथे कळतं. आम्लेटवर पसरलेली चाइव्ह्ज कात्रीने कापलेली असतील तर कडा ओल्या दिसतात. सकाळीच कापली असली तर तुकडे टेबलावर येईपर्यंत हिरवेगार असतात. पार्सली, बेसिल, चाइव्ह्ज ही मऊ पानं शेवटी घालतात, कारण आचेवर त्यांचा वास उडून जातो. रोझमेरी, थाइम, सेज ही चिवट पानं सुरुवातीलाच तेला-तुपात पडतात. ताटात काय वेगळं लागलं ते विचारा. बागेत शिरायला याहून सोपी वाट नाही. मी एकदा 'या बटाट्यांत काय आहे' एवढंच विचारलं, आणि पुढच्या मिनिटाला माझी खुर्ची मागे सरकवून मला थाइमच्या वाफ्याकडे नेण्यात आलं, हातात अजून काटा-चमचा.

बागेत

आधी नुसतं फिरून बाग वाचा. स्वयंपाकघराच्या दारापाशी जे असतं ते रोज लागणारं. पुदिना बहुतेक वेळा कुंडीत किंवा बुडाशिवायच्या बादलीत पुरलेला दिसेल. त्याचे धुमारे जमिनीखालून पळतात आणि मोकळा सोडला तर दोन हंगामांत तो शेजारच्या वाफ्यात उगवतो. उतारावर, दगडांच्या कडेला, सगळ्यात जास्त उन्हात रोझमेरी, थाइम, लॅव्हेंडर. मूळची भूमध्य समुद्राकाठची मंडळी ही. पानं बारीक, जाडसर किंवा लवदार, पाणी जपून ठेवणारी. त्यांना पाणी तुंबलेलं चालत नाही. म्हणून दया येऊन बाटलीतलं उरलेलं पाणी त्यांच्या बुडाशी ओतू नका. सावलीच्या ओलसर बाजूला पुदिना, पार्सली, लिंबाच्या वासाचा लेमन बाम. वाफ्यातल्या पाट्या वाचताना रोझमेरीची दोन शास्त्रीय नावं दिसली तर गोंधळू नका. २०१७ मध्ये अभ्यासकांनी तिला सेजच्या प्रजातीत, म्हणजे साल्व्हियात घातलं. जुन्या पाट्यांवर रोसमारिनस ऑफिसिनॅलिस असतं, नव्यांवर साल्व्हिया रोसमारिनस.

वास घ्यायला पान तोडावं लागत नाही. दोन बोटांत पान धरून हलकं चोळा आणि बोटं नाकाशी न्या. पानाच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म ग्रंथींत तेल असतं, त्या तेवढ्याने फुटतात. एका वेळी चार-पाच झाडांपुढे जाऊ नका, नंतर सगळ्याचा एकच वास येतो.

पण चोळायच्या आधी झाड कोणतं ते विचारा. स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅलन इथे नवव्या शतकातला एका मठाचा आराखडा जपलेला आहे. त्यात पाहुण्यांसाठी वेगळी घरं आहेत, आणि वैद्याच्या घराशेजारी सोळा वाफ्यांची औषधी बाग. कोणत्या वाफ्यात काय तेही लिहिलेलं: सेज, रोझमेरी, पुदिना, बडीशेप, जिरं, मेथी. या ओळखीच्या नावांत सतापही आहे, आणि जुन्या पद्धतीच्या बागांत ती आजही दिसते. निळसर हिरवी, बारीक गोलसर पानं, दिसायला देखणी. एका दुपारी भर उन्हात मी तिच्यात हात घालून पानं चोळली, वास उग्र वाटला म्हणून हात रुमालाला पुसले आणि विसरून गेले. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी मनगटावर भाजल्यासारखे फोड. सतापेच्या रसातली काही द्रव्यं त्वचेवर असताना ऊन पडलं की असं होतं, आणि ते लगेच न दिसता दिवसा-दोन दिवसांनी दिसतं. फोड आठवड्यात बसले, तपकिरी डाग बराच काळ राहिला. त्या घरच्या बाई आदल्या संध्याकाळी सगळी बाग दाखवणार होत्या, मीच 'उद्या बघू' म्हणाले होते.

चाखण्याबद्दल तर अजिबात धाडस नको. फुलं नसताना फॉक्सग्लव्ह या विषारी शोभेच्या झाडाची पानं कॉम्फ्री या औषधी झाडासारखी दिसतात, आणि फॉक्सग्लव्हमधली द्रव्यं थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. पेनीरॉयल ही पुदिन्याचीच बहीण, वासही तसाच, पण तिचं तेल यकृताला घातक. शोभेची, औषधी आणि खायची झाडं एकाच वाफ्यात नांदत असतात. यजमानांनी खुडून दिलं तर खा, स्वतः तोडून नाही. घरगुती चहाच्या मिश्रणात काय आहे तेही विचारा, विशेषतः रोजची औषधं चालू असतील तर. सेंट जॉन्स वर्ट ही पिवळ्या फुलांची वनस्पती गर्भनिरोधक गोळ्या आणि रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन यांचा परिणाम कमी करते.

कात्री हातात आल्यावर

दुसऱ्या सकाळपर्यंत तुमचं थोडं जमलं असेल तर कात्री मिळते. तोडायची वेळ दव वाळल्यावर आणि ऊन तापण्याआधी. पान ओलं असेल तर लवकर काळं पडतं, आणि उन्हात तेल उडायला लागतं.

पुदिना आणि बेसिल पानांच्या जोडीच्या किंचित वर कापा. त्या पेरातून दोन फुटवे येतात आणि झाड दाट होतं. एक-एक पान ओरबाडलं तर उघडी काडी उरते. चाइव्ह्ज जमिनीपासून दोन-तीन सेंटीमीटर ठेवून कापायची. पार्सलीच्या बाहेरच्या काड्या घ्यायच्या, मधला कोंब सोडायचा. लॅव्हेंडरला हात लावताना हिरव्या भागातच कापा. खालच्या जुन्या लाकडापर्यंत कापलं तर तिथून सहसा पुन्हा फूट येत नाही. कोणत्याही झाडाचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग घ्यायचा नाही, आणि पाहुण्याने त्याच्याही बराच आत राहायचं. उंच वाढून फुलोऱ्यावर आलेलं, जरा रापलेलं दिसणारं झाड 'वाया चाललंय' म्हणून छाटू नका. ते बियांसाठी राखलेलं असू शकतं. दोरा बांधलेल्या काडीला तर हातच लावू नका.

मग चहा करून बघा. पाणी उकळलं की गॅस बंद. मूठभर पुदिना किंवा लेमन बाम तळहातावर घेऊन एकदा हलका चुरगळा, किटलीत टाका, पाणी ओता आणि लगेच झाकण ठेवा. पाच मिनिटं. झाकण महत्त्वाचं, कारण वास देणारं तेल वाफेबरोबर निघून जातं. झाकण उचलाल तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला थेंब जमलेले असतात. ते बाजूला न झटकता किटलीतच पडू द्या. वाळलेली पानं वापरणार असाल तर ताज्याच्या तिसरा हिस्सा पुरतो.

घरी न्यायला काडी हवी असेल तर मागा, लपवून नेऊ नका. सहसा कुणी नाही म्हणत नाही. पुदिन्याची बोटभर लांब काडी, खालची पानं काढून, ओल्या कागदात गुंडाळून पिशवीत घ्या. घरी पेल्यातल्या पाण्यात ठेवली की आठवड्या-दोन आठवड्यांत मुळं फुटतात. रोझमेरीला याहून बराच जास्त वेळ लागतो. दुसऱ्या देशात राहात असाल तर मात्र हा मोह आवरा. रोप, माती, बियाणं सीमेपार न्यायला बहुतेक देशांत वनस्पतींच्या रोगमुक्ततेचा दाखला लागतो, आणि विमानतळावर ती काडी कचऱ्यात जाते.

निघताना

खोली सोडायची वेळ पाळा. पुढचा पाहुणा यायच्या आत घरचीच माणसं सगळं आवरणार असतात. ओले टॉवेल लाकडी खुर्चीवर टाकू नका. काही फुटलं, सांडलं, डाग पडला तर स्वतः सांगा.

काही खटकलं असेल तर ते तिथे असतानाच सांगा. पाणी गार होतं, गादी खचलेली होती, हे रात्री सांगितलं तर सकाळपर्यंत काही होऊ शकतं. घरी जाऊन परीक्षणात लिहिलं तर तुम्हाला त्याचा काही उपयोग नाही. परीक्षण लिहाच, पण पुढच्याला कामाला येईल असं: जिना किती चढा, बाथरूम कुठे, न्याहारीला काय, कोणत्या महिन्यात गेलात आणि बागेत तेव्हा काय होतं. यजमानांच्या घरातलं बोलणं, त्यांची आजारपणं, त्यांची भांडणं तुमच्या कानावर पडली असतील. ती तिथेच सोडून या.

शेवटी खिसा चाचपा. जुन्या दारांच्या किल्ल्या जड असतात आणि कधी कधी दोनच असतात. एक त्यांच्याकडे, एक तुमच्याकडे. मी एक किल्ली दोनशे किलोमीटर लांब घेऊन आले होते. ती पुठ्ठ्यात शिवून पोस्टाने परत पाठवली. जोवर ती पोचली नाही, तोवर त्यांना ती खोली देता आली नाही.